लॅपटॉप १६ दिवस गरगरतोय... पुण्यातले सुपरकॉम्प्युटर आमच्यासारख्या साध्या कॉलेजवाल्यांना मिळतात का?

कूलिंगपॅडवाली | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी पुण्यातल्या एका संलग्न कॉलेजात केमिस्ट्रीत पीएचडी करतेय. म्हणजे युनिव्हर्सिटी डिपार्टमेंट नाही, आयसरसारखी मोठी संशोधन संस्था नाही, एनसीएल तर नाहीच नाही. आमचं रिसर्च सेंटर म्हणजे एक खोली, एक फ्यूम हूड आणि दोन गोदरेजची कपाटं. काम अर्धं लॅबमधलं आणि अर्धं कॉम्प्युटरवरचं. एक प्रोटीन घ्यायचं, ते पाण्यात सोडायचं, त्याच्या खाचेत एक छोटा रेणू बसवायचा आणि तो तिथे टिकतो की सुटून जातो ते बघायचं. असे चार रेणू, आणि प्रत्येकाचं सिम्युलेशन तीनदा, कारण एकदाच केलं तर रिव्ह्यूअर हाकलून देतो. म्हणजे एकूण १२. पाणी धरून अणू साधारण ५० हजार. सॉफ्टवेअर ग्रोमॅक्स, ते फुकट आहे.

आता गंमत बघा. माझा लॅपटॉप दिवसभर राबून प्रोटीनच्या हालचालीचे साधारण ६ नॅनोसेकंद करतो आणि मला प्रत्येकी १०० हवेत. म्हणजे एकाला १६-१७ दिवस, आणि १२ चे झाले २००. लॅपटॉप खाली कूलिंग पॅड, वर टेबलफॅन, रात्री त्याचा आवाज ऐकून आई म्हणते गिरणी कधी बंद करणार. आणि आमच्या भागात एखाद्या गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, बॅटरी २० मिनिटांची, त्यामुळे आत्तापर्यंत दोनदा सगळं पहिल्यापासून करायला लागलंय. दुसऱ्या वेळी ११ वा दिवस होता. रडले नाही पण जेवले पण नाही.

पेपरात सारखं वाचते पुणे म्हणजे सुपरकॉम्प्युटरचं माहेरघर वगैरे. म्हणून एका ठिकाणचा अर्जाचा फॉर्म उघडला तर त्यात विचारलंय, किती कोअर-अवर लागतील आणि तुमच्या कोडचं स्केलिंग दाखवा. अहो, स्केलिंग दाखवायला मोठं मशीन लागणार ना, आणि मोठं मशीन मिळायला स्केलिंग. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत. आमचे सर चांगले आहेत पण त्यांचा जन्म टायट्रेशनमध्ये गेला, ते म्हणाले तूच बघ बाई, सही मी करतो.

तर कोणी हा फॉर्म भरलाय का? इस्कटून सांगा प्लीज.

---

दीड_टेराबाइट | सोमवार, रात्री ११:५८

खुर्ची टाकून बसलोय. आईचा गिरणीचा डायलॉग भारी.

---

रांगेतला_बारावा | मंगळवार, सकाळी ८:१५

ताई, बाकी सगळं नंतर. लाइट गेल्यावर पहिल्यापासून का केलंत???

ग्रोमॅक्स दर १५ मिनिटांनी आपणहून चेकपॉइंट लिहितं. तुम्ही काही सांगितलं नसेल तरी लिहितं. फोल्डरमध्ये बघा, सीपीटी शेपटीची एक फाइल असेल. रन परत सुरू करताना सीपीआय पर्याय देऊन ती फाइल दिली की जिथे थांबलं तिथून पुढे चालू. तुमचे फार तर १५ मिनिटं गेले असते, ११ दिवस नाही.

---

कूलिंगपॅडवाली | मंगळवार, सकाळी ८:३२

फाइल आहे. दोन्ही वेळच्या आहेत. मी त्यांना कचरा समजून "जुनं" नावाच्या फोल्डरमध्ये टाकलं होतं.

मला आता थोडा वेळ एकटीला बसू द्या.

---

लॅबमधली_मांजर | मंगळवार, सकाळी ९:०५

ताई मनाला लावून घेऊ नका, मी दोन वर्षं अशी सिम्युलेशनं केल्यावर मला हे कळलं, ते पण चहाच्या टपरीवर. हे शिकवतच नाही कोणी. कोर्सवर्कमध्ये आम्हाला रिसर्च मेथडॉलॉजीत एसपीएसएस हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर शिकवलं, संदर्भ कसे लिहायचे ते तीन तास शिकवलं, पण तुमचं काम मध्येच तुटलं तर काय करायचं ह्यावर एक वाक्य नाही.

---

पाषाणचा_पाहुणा | मंगळवार, दुपारी १:२०

मूळ प्रश्नाकडे येतो. पुण्यात काय काय आहे ते आधी नीट लावून घेऊ, कारण पेपरवाले सगळ्यालाच "महासंगणक" म्हणतात आणि वाचणाऱ्याला वाटतं सगळे सगळ्यांसाठी आहेत. तसं नाहीये.

होमी भाभा रोडवर आयआयटीएम आहे, तिथला प्रत्यूष २०१८ ला आला, ४ पेटाफ्लॉपचा (हे वेगाचं माप), आणि आता तिथेच अर्का आहे ११.७७ पेटाफ्लॉपचा. पण हे दोन्ही हवामानासाठी. पावसाचा अंदाज, मान्सूनची मॉडेलं. तुमचं प्रोटीन तिथे कोणी घेणार नाही आणि घेऊही नये, त्यांना रोज ठरलेल्या वेळेला अंदाज बाहेर काढायचा असतो.

गणेशखिंडीत एनसीआरए ह्या रेडिओ खगोलवाल्या संस्थेचा परम रुद्र, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाला, दिल्ली आणि कोलकात्याच्या भावंडांबरोबर. तिघांचा मिळून खर्च १३० कोटी सांगितला होता. उद्घाटनाला पंतप्रधान पुण्यात येणार होते पण त्या दिवशी पुण्यात असला पाऊस झाला की कार्यक्रम रद्द, मग दिल्लीहून व्हिडिओवरून. त्याच दिवशी अर्काचंही उद्घाटन झालं, म्हणजे पावसाचा अंदाज सांगणाऱ्या मशीनचं उद्घाटन पावसाने बुडवलं. असो, अवांतर. रुद्र मुख्यतः जीएमआरटीच्या, म्हणजे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी.

मग आयसरचा परम ब्रह्म. हा नॅशनल सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधला. हे मिशन २०१५ चं, ४५०० कोटींचं, विज्ञान-तंत्रज्ञान खातं (डीएसटी) आणि इलेक्ट्रॉनिक्स-आयटी मंत्रालय ह्यांचं मिळून, आणि राबवणारे आपलं पुण्यातलं सरकारी संगणक केंद्र सीडॅक आणि बंगळूरची आयआयएस्सी. आणि खुद्द सीडॅककडे परम सिद्धी-एआय आहे, २०२० च्या नोव्हेंबरमध्ये जगाच्या यादीत ६३ वा होता, आणि ऐरावत, तो २०२३ मध्ये ७५ वा.

तुमच्या कामाचे हे शेवटचे, म्हणजे आयसर आणि सीडॅकवाले. ह्यातल्या बऱ्याच ठिकाणी बाहेरच्या संस्थांच्या लोकांनाही वेळ देतात, पण दर, कोटा, नियम प्रत्येक ठिकाणचे वेगळे, त्यामुळे त्या त्या ठिकाणी मेल टाकून विचारा. बायोचं काम आहे म्हटल्यावर सीडॅकमधल्या बायोइन्फॉर्मॅटिक्सच्या सोयीबद्दल पण विचारा, ब्राफ म्हणतात तिला.

---

मोडेम_आजोबा | मंगळवार, दुपारी ४:४५

पाहुण्यांनी यादी छान दिली. एक राहिला, 'एका' नावाचा. टाटांच्या सीआरएलचा, २००७ च्या नोव्हेंबरमध्ये जगात चौथा होता. चौथा! आणि तो आपल्या पुण्यात होता हे आज कोणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही.

---

पाषाणचा_पाहुणा | मंगळवार, दुपारी ५:०२

आजोबा, 'एका' मुद्दाम वगळला, तो खाजगी पैशांचा होता. धागा सरकारी सोयींबद्दल आहे.

---

मोडेम_आजोबा | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

मान्य. पण मग जुनं सरकारी सांगतो, कंटाळा आला तर पुढे जा.

सीडॅक सुरू झालं १९८८ ला. अमेरिका त्यांचा क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला का-कू करत होती, दिलं तर अटी घालून, म्हणून आपलं आपण करू असं ठरलं. विजय भटकरांना तीन वर्षं दिली होती आणि १९९१ ला परम ८००० उभा राहिला. मी तेव्हा तरुण लेक्चरर होतो, आम्हाला एका वर्कशॉपला नेलं होतं. आत काय होतं तर ट्रान्सप्युटर, इंग्लंडातल्या इनमॉस कंपनीच्या चिप्स. एक चिप म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं, पण प्रत्येकीला चार तारा होत्या शेजारणींशी बोलायला, आणि सगळी करामत त्या बोलण्यात. एकटीने जे जमणार नाही ते वाटून घ्यायचं.

मला मशीनपेक्षा जास्त आठवतो तो आम्हाला शिकवणारा मुलगा. पंचविशीचा असेल. त्याने फळ्यावर आठ चौकोन काढले आणि आम्हा आठ मास्तरांना आठ प्रोसेसर केलं, प्रत्येकाला बेरजेचे आकडे दिले आणि सांगितलं, उत्तर फक्त शेजाऱ्यालाच सांगायचं. पाच मिनिटं नुसता गोंधळ. आमच्यातल्या एकाला गणितच येईना, म्हणून सगळे त्याची वाट बघत बसले. तो मुलगा हसून म्हणाला, सर, हाच पॅरलल प्रोग्रॅमिंगमधला मुख्य प्रॉब्लेम आहे. मी पुढे ३० वर्षं हेच उदाहरण माझ्या वर्गात वापरलं.

---

कंत्राटी_११_महिने | मंगळवार, रात्री १०:१०

आजोबा, तो फळ्यावर चौकोन काढणारा मुलगा आता कुठे मिळत नाही हाच तर प्रॉब्लेम आहे.

मी एका सरकारी पैशाच्या कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये काम केलंय, कुठल्या ते विचारू नका. मशीनसाठी कोटी मिळतात, एसीसाठी मिळतात, यूपीएससाठी मिळतात, कारण ते सगळं दाखवता येतं, फीत कापता येते. पण युजरला सांभाळणारा माणूस? तो कंत्राटी, ११ महिन्यांचा, मग एक दिवस ब्रेक, मग परत ११. युजर कोण तर ३०० पीएचडीवाले, सांभाळणारे आम्ही दोघं. त्यातला एक सोडून गेला की त्याच्या डोक्यातलं सगळं गेलं, लिहून कोणी ठेवलेलं नसतं. मी सोडलं तेव्हा माझ्या मेलबॉक्समध्ये न उत्तर दिलेल्या मेल ४०० होत्या आणि त्यातल्या निम्म्या कूलिंगपॅडवाल्या ताईंसारख्या, मॅडम, फॉर्ममध्ये हा रकाना कसा भरायचा.

---

खंडेनवमी | मंगळवार, रात्री १०:४५

मशीन दिलं की काम झालं ह्यावरून आमच्या कॉलेजची गोष्ट. आम्हाला काही वर्षांपूर्वी टेबलाखाली मावेल असा छोटा सुपरकॉम्प्युटर मिळाला. प्राचार्यांनी हार घातला, फोटो काढला, नॅकच्या रिपोर्टमध्ये पानभर छापला. त्यानंतर त्याच्यावर पांढरं कापड. दर खंडेनवमीला कापड काढून, हळदकुंकू वाहून, झेंडूचं फूल ठेवून परत कापड. पासवर्ड ज्या सरांकडे होता ते रिटायर होऊन नाशिकला गेले.

---

दीड_टेराबाइट | मंगळवार, रात्री १०:५१

निदान पूजा तरी होतेय, आमच्याकडे स्पेक्ट्रोमीटरची ती पण नाही.

---

ग्राफिककार्ड_भाऊ | बुधवार, सकाळी ७:५०

सगळे उगाच लांबण लावताय. ५० हजार अणू म्हणजे छोटी सिस्टिम आहे. ग्रोमॅक्स एका चांगल्या गेमिंग ग्राफिक कार्डवर तुफान पळतं. एक पीसी असेंबल करा, कार्ड टाका, दिवसाला शंभरच्या वर नॅनोसेकंद आरामात. १२ सिम्युलेशनं दोन आठवड्यांत उरकतील. फॉर्म नको, रांग नको, कोणाची सही नको. सुपरकॉम्प्युटर हवा कशाला? मुंगी मारायला तोफ.

---

कूलिंगपॅडवाली | बुधवार, सकाळी ९:२०

भाऊ, तुमचं अगदी बरोबर आहे, मला पण कोणीतरी हेच सांगितलं होतं. पण पैसे? फेलोशिप येते ती पाच-पाच महिन्यांनी एकदम. कंटिन्जन्सीतून घ्यायचं तर तीन कोटेशनं, मग खरेदी समिती, मग पोर्टल, आणि समितीतले एक सर गेल्या वेळी म्हणाले "गेमिंग" कार्ड? विद्यार्थ्यांना गेम खेळायला कॉलेजने पैसे द्यायचे का? त्यांना समजावता समजावता मार्च संपला आणि बजेट परत गेलं.

---

ग्राफिककार्ड_भाऊ | बुधवार, सकाळी ९:४०

हाहाहा. शब्द मागे घेतो. तुमच्या कॉलेजपेक्षा सुपरकॉम्प्युटरची रांग लहान असेल.

---

चार्ल्स_नदीकाठी | बुधवार, सकाळी ११:१५

बॉस्टनहून लिहितेय, मूळची कोथरूडची. इथे काय आहे ते सांगते, तुलना करायला नाही, तो कोंबडी-अंड्याचा प्रश्न इथे कसा सोडवलाय ते कळावं म्हणून.

इथे एनएसएफ ह्या सरकारी विज्ञान संस्थेच्या पैशांवर अ‍ॅक्सेस नावाचा कार्यक्रम आहे, २०२२ च्या सप्टेंबरपासून, त्याच्या आधी एक्सीड होता. देशभरच्या युनिव्हर्सिट्यांमधली मशीन एका दारातून मिळतात. त्या दाराला चार पायऱ्या आहेत आणि पहिल्या पायरीला, तिचं नावच एक्स्प्लोर, स्केलिंग बिलिंग काही मागत नाहीत. काय करायचंय त्याचा एक छोटा सारांश द्यायचा, बस. पीएचडीची मुलंसुद्धा गाइडचं पत्र जोडून स्वतःच्या नावाने अर्ज करतात. त्या छोट्या वाट्यात तुम्ही मोजमाप करता आणि मग ते आकडे घेऊन वरच्या पायरीला जाता. थोडक्यात आधी चव, मग ऑर्डर.

दुसरं म्हणजे कॅम्पस चॅम्पियन नावाची पद्धत, २००८ पासूनची. कित्येक कॉलेजांत असा एक माणूस असतो, कधी प्रोफेसर, कधी आयटीवाला, कधी लायब्ररीतला, ज्याला ह्या मशीनची ओळख आहे आणि जो बाकीच्यांना पहिल्या दिवशी बोट धरून आत नेतो. मोठं सेंटर कितीही चांगलं असलं तरी लहान कॉलेजातल्या मुलीला तिकडे मेल टाकायची भीती वाटते हो. मला पण वाटायची.

---

कंत्राटी_११_महिने | बुधवार, दुपारी १२:०५

ताई हे चॅम्पियन लोक पगारी का?

---

चार्ल्स_नदीकाठी | बुधवार, दुपारी १२:३०

त्या कामाचा वेगळा पगार नाही, मुळात ऐच्छिक आहे. बहुतेकांची नोकरी त्या कॉलेजात असतेच. ट्रेनिंगला पाठवतात, मशीनवर थोडा वेळ देतात.

---

कंत्राटी_११_महिने | बुधवार, दुपारी १२:३३

मग इथे पण जमेल. फुकट राबायची सवय आहेच. हलकेच घ्या.

---

पाषाणचा_पाहुणा | बुधवार, दुपारी १:१०

शिकवण्याचं अगदीच काही नाही असं नाही हं. मिशनने ट्रेनिंगसाठी चार आयआयटींना नोडल सेंटर केलंय, खरगपूर, मद्रास, गोवा आणि पालक्काड. त्यांच्या कार्यशाळा होतात, ऑनलाइन पण होतात. एनपीटीईएल ह्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर पॅरलल कॉम्प्युटिंगचे कोर्स फुकट आहेत.

---

लॅबमधली_मांजर | बुधवार, दुपारी २:००

मी केली आहे त्यातली एक ऑनलाइन. पाच दिवस. पहिल्या दिवशी लिनक्स, दुसऱ्या दिवशी एमपीआय (प्रोसेसरांनी एकमेकांना निरोप पाठवायची पद्धत), आणि तिसऱ्या दिवसापासून माझ्या डोक्यावरून विमान. शिकवणारे चांगले होते, खोटं कशाला बोलू. पण ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना शिकवत होते आणि मी प्रोग्रॅम चालवणारी. मला एमपीआयमध्ये निरोप कसा पाठवायचा ते नको होतं, ग्रोमॅक्सला किती कोअर द्यायचे ते हवं होतं. ड्रायव्हिंग शिकायला गेले आणि त्यांनी इंजिन खोलून दाखवलं.

---

गणेशखिंडीतला | बुधवार, रात्री ९:३०

उशीर झाला यायला, दिवसभर खोडदला होतो. मी रेडिओ खगोलवाला, जीएमआरटीचा डेटा चघळणं हे माझं काम, प्रोटीनमधलं काही कळत नाही, पण रांगेत उभं राहायचा १४ वर्षांचा अनुभव आहे. फॉर्मचं सांगतो.

कोअर म्हणजे प्रोसेसरमधला हिशोब करणारा एक भाग, आणि कोअर-अवर म्हणजे एक कोअर एक तास. रिक्षाच्या मीटरसारखं, फक्त रिक्षा किती घेतल्या त्याने गुणायचं. २४ कोअर १० तास वापरले की २४० कोअर-अवर झाले, मग काम संपो न संपो. एवढंच आहे, घाबरू नका.

स्केलिंग म्हणजे कोअर दुप्पट केले तर काम खरंच दुप्पट वेगाने होतं का. होत नाही. घरात पुरणपोळ्या करायच्यात, पुरण वाटायला आठ जणी आल्या, कणीक तिंबायला चार, लाटायला सहा, पण तवा एकच. एका मर्यादेनंतर कितीही मावश्या बोलावल्या तरी पोळ्या त्याच वेगाने उतरणार, वर स्वयंपाकघरात गर्दी, गप्पा आणि भांडणं. अ‍ॅमडाल नावाच्या माणसाने हेच १९६७ ला सांगून ठेवलंय, की कामातला ५ टक्के भाग जर वाटताच येत नसेल तर लाख कोअर लावा, वेग २० पटीच्या वर जाणार नाही. तुमच्या बाबतीत तवा म्हणजे कोअर-कोअरमधलं बोलणं. ५० हजार अणू जास्त तुकड्यांत कापले की प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला थोडेसे अणू येतात आणि तो हिशोब कमी आणि शेजाऱ्याशी बोलणं जास्त करतो. आजोबांचे आठ मास्तर आठवा.

आता तुमची खरी मजा कशात आहे ते बघा. तुमची १२ सिम्युलेशनं एकमेकांशी बोलतच नाहीत. १२ वेगवेगळे तवे! म्हणजे एक मोठा जॉब नको, १२ लहान हवेत. स्लर्ममध्ये, म्हणजे रांग सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, त्याला जॉब अ‍ॅरे म्हणतात, स्क्रिप्ट एकच, काम पाठवायची एसबॅच ही कमांड एकदाच, आणि १२ जॉब रांगेत. असं काम मशीनवाल्यांना पण आवडतं कारण लहान जॉब कुठेही फटीत बसतात.

फॉर्मबद्दल सरळ मेल लिहा, स्केलिंगचे आकडे नाहीत, चाचणीसाठी छोटं खातं द्याल का. बऱ्याच ठिकाणी देतात, फक्त फॉर्मवर तसं लिहिलेलं नसतं. खातं मिळालं की कळवा, शनिवारी युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये चहा घेत बसू, दोन तासांचं काम आहे. लॅपटॉप आणा, कूलिंग पॅड नको.

---

कूलिंगपॅडवाली | बुधवार, रात्री १०:०२

सर, पुरणपोळी वाचून आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली हे इतकं सोपं होतं तर तुझे सर का नाही सांगत.

मेल टाकते उद्याच.

---

रांगेतला_बारावा | गुरुवार, सकाळी ८:४०

खातं मिळायच्या आधी चार गोष्टी डोक्यात ठेवा, मी प्रत्येक चूक स्वतः केली आहे.

लॉगिन केल्यावर जिथे पोचता तो लॉगिन नोड (नोड म्हणजे मोठ्या मशीनमधला एक कॉम्प्युटर), तो म्हणजे सोसायटीचा जिना, सगळ्यांचा. तिथे सिम्युलेशन चालवायचं नाही. मी चालवलं होतं, १५ मिनिटांत माझा जॉब मारला आणि माझ्या गाइडला मेल गेला. स्क्रॅच नावाच्या तात्पुरत्या डिस्कवरच्या जुन्या फायली आपोआप पुसतात, ती धर्मशाळा आहे, घर नाही. माझ्या एका मित्राने थिसिसचा डेटा तिथे ठेवला आणि दिवाळीला गावी गेला, पुढचं विचारू नका. हजारो बारक्या फायली करू नका, मोठ्या डिस्कला एक मोठी फाइल चालते पण दहा हजार चिल्लर फायलींनी ती आणि अ‍ॅडमिन दोघं वैतागतात. आणि वेळ मागताना भीतीपोटी जास्तीत जास्त मागू नका, रांगेत फट पडली की स्लर्म लहान जॉब मध्ये सरकवतो, तीन दिवस मागणारा बसून राहतो आणि एक दिवस मागणारा पुढे जातो. ग्रोमॅक्सला मॅक्सएच पर्याय देऊन साडेतेवीस तासांनी स्वतःच थांबायला सांगा, चेकपॉइंट लिहून तो शहाण्यासारखा थांबतो, मग पुढचा जॉब तिथून. तुमच्या "जुनं" फोल्डरला स्मरून.

---

कूलिंगपॅडवाली | गुरुवार, सकाळी ९:१०

शेवटचं वाक्य गरजेचं नव्हतं. बाकी सगळं वहीत लिहून घेतलं. आज लाइट गेलीये, पण आज मी शांत आहे, चेकपॉइंट आहे.

---

दीड_टेराबाइट | पुढचा रविवार, दुपारी १२:२०

ताई काय झालं? धागा वर काढतोय.

---

कूलिंगपॅडवाली | रविवार, रात्री ८:४५

सांगते. कुठल्या मशीनचं ते इथे लिहीत नाही, तिथल्या मॅडमना अजून ४०० मेल नकोत. पण उत्तर दोन दिवसांत आलं, चाचणीचं खातं दिलं, सरांच्या सहीचा एक कागद मागितला एवढंच. मी उगाच सहा महिने घाबरत बसले होते.

काल कँटीनमध्ये गणेशखिंडीतले सर भेटले. आधी मीच माती खाल्ली, पहिला जॉब ३ सेकंदांत मेला, मला वाटलं मशीन बिघडवलं. सरांनी एरर फाइल उघडायला लावली, मी फोल्डरचं नाव चुकीचं लिहिलं होतं आणि नावात स्पेस होती. "नवीन फोल्डर". सर म्हणाले नावात स्पेस देणारा माणूस लिनक्सवर आयुष्यभर दुःखी राहतो. दुसरा जॉब मेला कारण मॉड्यूल लोड करायचं, म्हणजे तिथलं ग्रोमॅक्स हाताशी घ्यायचं, विसरले. तिसरा रांगेत गेला, पीडी, म्हणजे अजून वाट बघतोय, असं दिसत होतं, आम्ही वडापाव मागवला, आणि वडापाव यायच्या आत पीडीचं आर झालं. आर म्हणजे रनिंग. मी एवढी ओरडले की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले.

आकडे देते, कोणाला फॉर्मला उपयोग होईल. माझ्या सिस्टिमचे आहेत, तुमचे वेगळे येतील. २४ कोअर, म्हणजे अर्धा नोड, दिवसाला ३४ नॅनोसेकंद. पूर्ण नोड, ४८ कोअर, ५२. दोन नोड ७१. चार नोड, १९२ कोअर, फक्त ७८! मावश्या दुप्पट आणि पोळ्या जेमतेम सात जास्त. चार नोडवर १२ सिम्युलेशनं केली असती तर ७० हजारांच्या वर कोअर-अवर गेले असते, अर्ध्या नोडवर तेच काम २० हजार ३०० च्या आसपास. मी फॉर्ममध्ये चार नोडच लिहिणार होते, जास्त म्हणजे चांगलं असं वाटून.

---

पाषाणचा_पाहुणा | रविवार, रात्री ९:०५

हे आकडे सोन्यासारखे आहेत. फॉर्ममध्ये तसेच्या तसे टाका, आलेख काढून. कमिटीला असा उमेदवार आवडतो जो कमी मागतो आणि का ते सांगतो.

---

मोडेम_आजोबा | रविवार, रात्री ९:४०

७१ वरून ७८. वा. फळ्यावर काढून ठेवण्यासारखं आहे.

---

खंडेनवमी | सोमवार, सकाळी १०:१५

अपडेट. काल हे सगळं वाचून नाशिकच्या सरांना फोन लावला. पासवर्ड त्यांना पाठ होता! म्हणाले, मला आजपर्यंत कोणी विचारलंच नाही. आज कापड काढलंय. झेंडूच्या पाकळ्या पंख्यात गेल्या होत्या, त्या चिमट्याने काढतोय. सुरू झाला तर पहिला जॉब कुठला चालवू?

---

ग्राफिककार्ड_भाऊ | सोमवार, सकाळी १०:२२

आधी उघडून बघा आत ग्राफिक कार्ड कुठलं आहे!!

---

कूलिंगपॅडवाली | सोमवार, सकाळी १०:३०

माझ्या १२ मधला एक पाठवू का? आणि गणेशखिंडीतले सर, या शनिवारी आमच्या कॉलेजातल्या दोघी येऊ म्हणतायत, एकीचं काम क्वांटम एस्प्रेसो नावाच्या सॉफ्टवेअरवर आहे आणि एकीचं काय आहे ते तिलाच नीट माहीत नाही. चालेल का?

---

गणेशखिंडीतला | सोमवार, दुपारी १:४५

या. वडापाव तुमच्याकडून. फोल्डरच्या नावातले स्पेस घरूनच काढून आणा.